डुकराच्या टॉन्सिलमधला जिवाणू खरंच ‘नवी प्रजाती’ आहे का? ठरवण्याची पद्धत, पायरी-पायरीने

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी मला एक फाइल पाठवतं. डुकराच्या घशातून काढलेला स्ट्रेप्टोकॉकस, जिवाणू ओळखायला वाचतात त्या १६एस जनुकाचं साम्य ९८.१ टक्के, आणि खाली एक ओळ: ‘मॅडम, नवी प्रजाती आहे ना?’ नाव बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. मी उलट विचारते, ९८.१ टक्के कशाशी? किती बेसवर, म्हणजे डीएनएच्या किती अक्षरांवर? कल्चर (वाढवलेला जिवाणू) किती वेळा स्ट्रीक केलं, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून वेगळं केलं? तिथे फाइल परत जाते.

काम अवघड आहे म्हणून लोक चुकत नाहीत, क्रम उलटा लावतात म्हणून चुकतात. ‘नवी’ हा शेवटी काढायचा निष्कर्ष आहे. आधी ‘जुन्यांपैकी कुठलीच नाही’ हे एकेक करून दाखवावं लागतं.

उदाहरण म्हणून सगळीकडे स्ट्रेप्टोकॉकस सुइस आणि त्याची भावंडं घेते. या एका नावाखाली एकेकाळी ३५ सीरोटाइप (बाहेरच्या आवरणावरून पाडलेले उपप्रकार) होते. त्यातले ३२ आणि ३४ हे स्ट्रेप्टोकॉकस ओरिसरॅटी निघाले. २०, २२ आणि २६ यांना २०१५ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस पॅरासुइस असं वेगळं नाव मिळालं, आणि ३३ ला २०१७ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस रुमिनॅन्टियम. उरले २९. म्हणजे सहा ‘नवखे’ वर्षानुवर्षं सुइस म्हणून फ्रीझरमध्ये पडून होते. तुमच्या हातातलाही तसाच असू शकतो. किंवा साधा सुइस असू शकतो, आणि बहुतेक वेळा तोच असतो.

## तयारी: डुकराजवळ जाण्याआधी

कागदपत्रं. जिवंत जनावराचा स्वॅब घ्यायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी नमुन्याच्या आधीची हवी. जर्नल मंजुरीचा क्रमांक आणि तारीख मागतं, मागाहून घेतलेली चालत नाही.

सुरक्षा. सुइस माणसाला होतो. हातावरच्या साध्या चिरेतून शिरतो, मेंदूज्वर करतो आणि बरं झालेल्यांपैकी अनेकांची श्रवणशक्ती कायमची जाते. २००५ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातल्या साथीत दोनशेहून अधिक लोक आजारी पडले होते. काम जैवसुरक्षा पातळी २ वर, हातमोजे घालून, आणि हाताला जखम असलेल्याने त्या दिवशी नमुन्याला हात लावायचा नाही.

दुसरी बाजू डुकरांच्या सुरक्षेची. २०२० पासून भारतात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आहे. एका फार्मवरचे बूट दुसऱ्या फार्मवर नेऊ नका. एका दिवशी एकच फार्म, हा माझा नियम.

तुलनेचे टाइप स्ट्रेन, म्हणजे प्रजातीचं नाव ज्या एका कल्चरला बांधलेलं असतं ते. हे आत्ताच मागवा. सुइसचा टाइप स्ट्रेन एनसीटीसी १०२३४ (हाच एस७३५). त्याच्या जोडीला पॅरासुइस, रुमिनॅन्टियम आणि ओरिसरॅटीचे. परदेशी संग्रहातून कल्चर यायला आयात परवान्यासकट महिने जातात. ते येईपर्यंत तुमची निम्मी चाचणी अडलेली असते, आणि मग लोक ‘जुन्या पेपरमधले आकडे घेऊन टाकू’ या मोहात पडतात.

## १. नमुना

सुइस आणि मंडळी निरोगी डुकराच्या टॉन्सिलमध्ये, विशेषतः त्याच्या खाचांत राहतात. गालाच्या आतून फिरवलेला स्वॅब म्हणजे फक्त लाळ. लांब दांड्याचा स्वॅब मऊ टाळूपर्यंत न्या, टॉन्सिलवर दाबून गोल फिरवा. तोंड उघडं ठेवायला गॅग लागतोच. हाताने धरून जमेल असं वाटत असेल तर डुकराचे दात एकदा नीट बघून घ्या.

कत्तलखान्यातून टॉन्सिल घेणार असाल आणि तिथे केस काढण्यासाठी धड गरम पाण्याच्या हौदात बुडवत असतील, तर नमुना त्याआधी घ्या. हौदाचं पाणी तोंडात जातं आणि सगळ्या डुकरांचे जिवाणू एकमेकांत मिसळतात.

स्वॅब एमीज या वाहतुकीच्या माध्यमात, ४ अंशांवर, २४ तासांत प्रयोगशाळेत. प्रत्येक डुकराचा वेगळा क्रमांक, वय, फार्म, जात आणि तब्येत तिथेच लिहा. गोव्याच्या आगोंदा गोवन जातीच्या डुकराचा नमुना आणि परसातल्या संकरित डुकराचा नमुना यांवर एकच ‘पिग-३’ असं लेबल लावलंत, तर पुढे वर्णनात लिहायला तुमच्याकडे काही उरत नाही.

> सावधान: एकाच डुकरातून काढलेल्या पाच सारख्या कॉलनी म्हणजे पाच स्ट्रेन नव्हेत. बहुधा त्या एकाच पेशीची पिल्लावळ असतात. शक्य असेल तिथे निदान दोन-तीन वेगळ्या डुकरांतून, जमलं तर वेगळ्या फार्ममधून, तोच जिवाणू मिळवा.

## २. शुद्ध कल्चर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मी पाहिलेल्या फसलेल्या ‘नव्या प्रजातीं’पैकी निम्म्या तरी इथे फसलेल्या आहेत.

मेंढीच्या रक्ताचं ५ टक्के ब्लड अगर, त्यात कोलिस्टिन आणि नॅलिडिक्सिक अॅसिड घातलेलं, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह गर्दी दबते. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, २४ तास. दिसतात त्या बारीक, करड्या, अर्धपारदर्शक कॉलनी आणि त्यांच्याभोवती हिरवट अल्फा हिमोलिसिसचं, म्हणजे तांबड्या पेशी अर्धवट मोडल्याचं, कडं. डुकराच्या टॉन्सिलमध्ये अशा दिसणाऱ्या प्रजाती डझनभर तरी असतात. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

एक कॉलनी उचला, नव्या प्लेटवर स्ट्रीक करा, एकटी वाढलेली कॉलनी पुन्हा उचला. असं सलग तीन वेळा. तिसरी प्लेट २४ तासांनी टाकून देऊ नका, ४८ तास ठेवा आणि भिंगाखाली तिरप्या उजेडात बघा. सावकाश वाढणारा सोबती दुसऱ्या दिवशीच डोकं वर काढतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. दोनदा स्ट्रीक केलेलं एक कल्चर मी घाईत १६एससाठी पाठवलं. पहिले दोनशे बेस स्वच्छ, आणि मग ग्राफमध्ये प्रत्येक शिखराखाली दुसरं बुटकं शिखर. ‘जनुकाच्या प्रतींमधला फरक असेल’ असं म्हणून मी पुढे गेले. या जिवाणूंत त्या जनुकाच्या एकाहून अधिक प्रती असतात हे खरं, पण प्रतींतला फरक ठरावीक दोन-चार जागी दिसतो, ओळभर नाही. जीनोम आला तेव्हा त्यात एक स्ट्रेप्टोकॉकस होता आणि सोबत एक एरोकॉकस. पैसे गेले, तीन महिने गेले. प्लेट ४८ तास ठेवली असती तर फुकटात कळलं असतं.

शुद्ध झालं की लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये किमान दहा व्हायल, उणे ८० अंशांवर. त्यातल्या दोन व्हायलवर ‘हात लावू नये’ असं लिहा आणि खरंच लावू नका. पुढची प्रत्येक चाचणी याच स्टॉकमधून.

> तपासणी: महिन्याभराने एक व्हायल उघडून स्ट्रीक करा. वाढ एकसारखी आहे का? ग्रॅम रंगात तेच जोडीने किंवा आखूड साखळीने असलेले कोकाय (गोल जिवाणू) दिसतात का? रंग ताज्या कल्चरवरच करा, जुन्या कल्चरमधले स्ट्रेप्टोकॉकस ग्रॅम-निगेटिव्ह दिसतात.

## ३. जुजबी ओळख

इथे फार रेंगाळायचं नाही. कॅटॅलेज निगेटिव्ह आहे का (हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडबुडे येत नाहीत ना) ते बघा, पण कॉलनी उचलताना लूपला रक्ताचा अगर लागू देऊ नका. तांबड्या पेशींत स्वतःचं कॅटॅलेज असतं, बुडबुडे येतात आणि स्ट्रेप्टोकॉकसचा स्टॅफिलोकॉकस होतो. ६.५ टक्के मिठात सुइस वाढत नाही, हेही एकदा पाहून घ्या.

मॅल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वजनांवरून जिवाणू ओळखणारं मशीन) असेल तर लावा, पण त्याची मर्यादा ओळखा. डेटाबेसमध्ये जी प्रजाती नाही ती मशीन दाखवूच शकत नाही, ते सगळ्यात जवळचं नाव सांगतं. दोनच्या खाली स्कोअर आला म्हणजे नवी प्रजाती सापडली असं नाही. कधी कधी कॉलनी जास्त थापलेली असते, इतकंच.

सुइस खरा की भावंड हे चाळायला रेकएन जनुकाचा पीसीआर (ते जनुक आहे का हे दाखवणारी चाचणी) चांगला. जुन्या जीडीएच पीसीआरवर एकट्यावर विसंबू नका. रेकएन पॉझिटिव्ह आला तर बहुधा तुमच्या हातात सुइसच आहे. चहा घ्या आणि पुढच्या आयसोलेटकडे (नमुन्यातून वेगळ्या काढलेल्या जिवाणूकडे) वळा.

## ४. १६एस: पूर्ण जनुक, योग्य तुलना

सँगर पद्धतीने एका बाजूने साधारण ८०० बेस नीट वाचता येतात. जनुक सुमारे १५०० चं. म्हणून दोन्ही बाजूंनी वाचा, जोडा आणि निदान १४०० बेस स्वच्छ मिळवा. मायक्रोबायोमच्या अभ्यासातला ४०० बेसचा तुकडा घेऊन प्रजाती ठरवणं म्हणजे आधार कार्डाच्या शेवटच्या चार आकड्यांवर माणूस ओळखणं.

तुलना कशाशी करायची, हा खरा प्रश्न. जीनबँक या जनुकांच्या सार्वजनिक साठ्यात ब्लास्ट केलं, म्हणजे जुळणारे क्रम शोधले, की वर जे नाव येतं ते कुणीतरी कधीतरी भरलेलं असतं. ‘सुइस’ असं नाव लावलेल्या नोंदींत जुने सीरोटाइप २०, २२, २६ वालेही आहेत. तुमचा स्ट्रेन पॅरासुइस असेल तर त्याचं ‘सुइसशी ९९.८ टक्के’ साम्य येईल आणि तुम्ही फसाल. ब्लास्टमध्ये ‘फक्त टाइप मटेरियल’ हा पर्याय निवडा, किंवा इझीबायोक्लाउड वापरा, तिथे टाइप स्ट्रेनशी थेट तुलना होते. नाव आज वैध आहे की नाही, हे एलपीएसएन या नावांच्या यादीवर बघा.

उंबरठा ९८.७ टक्क्यांच्या आसपास. १४०० बेसमध्ये हा फरक सुमारे १८ जागांचा. आता अर्थ नीट लावा:

- ९८.७ च्या खाली: नवी प्रजाती असण्याची शक्यता चांगली. शिक्का नाही. जीनोम हवाच.
- ९८.७ च्या वर: काहीच सिद्ध झालं नाही. न्यूमोनिए आणि मायटिस या दोन स्ट्रेप्टोकॉकसचं १६एस ९९ टक्क्यांहून जास्त जुळतं, तरी त्या वेगळ्या प्रजाती आहेत.

‘९७ टक्के’ हा जुना आकडा अजून पाठ्यपुस्तकांत आहे. तो सोडा.

> सावधान: १८ पैकी १० फरक तुकड्याच्या अगदी टोकाला असतील तर ते वाचनातले दोष आहेत. टोकं छाटा आणि पुन्हा मोजा.

## ५. जीनोम

ग्रॅम-पॉझिटिव्ह भिंत जाड असते. किटमधल्या नेहमीच्या पायरीआधी लायसोझाइम, ३७ अंशांवर अर्धा तास, आणि जमलं तर म्युटॅनोलायसिन, दोन्ही भिंत मोडणारी एन्झाइम. नाहीतर डीएनए येतो पण तोकडा.

सुइसचा जीनोम सुमारे २१ लाख बेसचा. किमान ५० पट खोली (प्रत्येक बेस सरासरी ५० वेळा वाचलेला) म्हणजे साडेदहा कोटी बेस. कंपनीकडून ऑर्डर देताना हा हिशेब करून मागा, ‘स्टँडर्ड पॅकेज’ असं सांगू नका.

असेंब्ली (वाचलेले तुकडे जोडणं) झाल्यावर तीन गोष्टी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. चेकएम या तपासणीच्या प्रोग्राममध्ये पूर्णता ९५ टक्क्यांच्या वर आणि भेसळ ५ च्या खाली, खरं तर १ च्या खाली असली पाहिजे. जीसी प्रमाण (डीएनएतल्या जी आणि सी अक्षरांचा वाटा) शेजाऱ्यांच्या जवळपास असावं, सुइसचं ४१ टक्क्यांच्या आसपास आहे. आणि तिसरी, जी बरेच जण गाळतात: जीनोममधून काढलेलं १६एस आणि तुम्ही सँगरने वाचलेलं १६एस एकच आहे का? नसेल तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे. जर्नलचे परीक्षक हे पहिल्यांदा बघतात.

## ६. एएनआय आणि डिजिटल डीडीएच: निकाल इथे

तुमचा जीनोम सगळ्या जवळच्या टाइप स्ट्रेनच्या जीनोमशी लावा. ‘सगळ्या’ याचा अर्थ १६एसमध्ये पहिला आला तो एकटा नव्हे. जर्मनीच्या डीएसएमझेड संग्रहाच्या टीवायजीएस या मोफत सर्व्हरवर जीनोम टाकलात की तो स्वतः जवळचे टाइप जीनोम शोधून देतो. सुरुवात तिथून करा.

एएनआय म्हणजे दोन जीनोममधलं सरासरी साम्य, डिजिटल डीडीएच म्हणजे दोन डीएनए एकमेकांना किती जुळतील याचा संगणकी अंदाज. एएनआयची सीमा ९५ ते ९६ टक्के, डिजिटल डीडीएचची ७० टक्के. डीडीएचच्या तीन सूत्रांपैकी दुसरं वापरा. तुकड्या-तुकड्यांच्या अपूर्ण जीनोमला तेच चालतं, कारण ते एकूण लांबीवर अवलंबून नाही.

९० एएनआय आला तर वाद नाही, प्रजाती वेगळी. ९७ आला तरी वाद नाही, प्रजाती जुनीच, घरी जा. डोकेदुखी ९४ ते ९६ मध्ये, आणि डुकरांच्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये ही डोकेदुखी खरीखुरी आहे, कारण सुइस म्हणवणाऱ्यांत मुख्य गटापासून बऱ्याच दूर गेलेल्या शाखा आहेत. अशा वेळी मी हे करते: एएनआय दोन्ही दिशांनी मोजते, दुसऱ्या प्रोग्रामने पुन्हा मोजते, आणि तुलना एका टाइप स्ट्रेनवर न थांबवता सुइसच्या वेगवेगळ्या सीरोटाइपच्या वीस-तीस जीनोमशी करते. माझा स्ट्रेन आणि टाइप यांच्यामधली जागा भरणारे जीनोम सापडले तर तिथे सीमा नाही, नुसता उतार आहे. उतारावर कुंपण घालू नये.

प्रजातीऐवजी नवं जीनसच (प्रजातींच्या वरचा गट) आहे असं वाटत असेल तर समान प्रथिनांचं प्रमाण काढा. ५० टक्के ही प्रचलित सीमा आहे, पण ती प्रजातीच्या सीमेइतकी भक्कम नाही.

## ७. वंशवृक्ष

१६एसचा एक वृक्ष आणि मूळ (सगळ्यांत असणाऱ्या) जनुकांचा एक. यूबीसीजी हा प्रोग्राम ९२ जनुकं घेतो, तेवढं पुरे. बूटस्ट्रॅप (फांद्या कितपत टिकतात याची पुनर्तपासणी) १००० वेळा. दोन्ही वृक्षांत तुमचे स्ट्रेन एकत्र आणि शेजाऱ्यापासून वेगळे दिसले पाहिजेत. दोन्ही भांडत असतील तर जीनोमवाल्याचं ऐका आणि लेखात तसं स्पष्ट लिहा.

## ८. गुणधर्म: शेजारी-शेजारी बसवून

साखरांचे आम्लीकरण, एन्झाइम पट्ट्या, तापमान, पीएच आणि मिठाच्या मर्यादा, फॅटी अॅसिड. यादी लांब आहे आणि बहुतेक सगळ्यांना पाठ असते. चूक होते ती पद्धतीत. तुमचा स्ट्रेन आज तुमच्या माध्यमावर आणि शेजाऱ्याचे आकडे पंधरा वर्षांपूर्वीच्या पेपरातून, ही तुलना नव्हे. सगळे टाइप स्ट्रेन त्याच दिवशी, त्याच बॅचच्या पट्टीवर, त्याच वयाच्या कल्चरमधून, तीनदा. फॅटी अॅसिडसाठी तर हे अधिकच, कारण तापमान दोन अंशांनी बदललं तरी प्रमाण हलतं.

आणि शेवटी निदान दोन-तीन गुणधर्म असे हवेत जे तुमच्या सगळ्या स्ट्रेनना शेजाऱ्यापासून वेगळं करतात.

## ९. जमा करणे: लेखानंतर नव्हे, लेखाआधी

नाव वैध व्हायला टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक संग्रहांत जमा असावा लागतो आणि दोघांची प्रमाणपत्रं लागतात. दोन्ही संग्रह भारतातले असतील तर चालत नाही.

आपल्यासाठी पहिला संग्रह सोपा: पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र किंवा चंडीगडचं एमटीसीसी. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे भारतात सापडलेला नवा टॅक्सॉन (प्रजाती किंवा जीनससारखा गट) नेमून दिलेल्या भांडारात कळवणं आणि जमा करणं बंधनकारकच आहे. दुसरा संग्रह परदेशातला, आणि जिवाणू देशाबाहेर पाठवण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची परवानगीची बाजू निस्तरायची असते. सहाव्या पायरीचा निकाल लागला त्याच आठवड्यात हे अर्ज टाका. चाचण्या संपेपर्यंत कागद येतात.

> सावधान: संग्रह तुमचं कल्चर स्वतः वाढवून तपासतो. मिसळ निघाली तर परत येतं आणि तुम्ही पुन्हा दुसऱ्या पायरीवर. ‘हात लावू नये’ लिहिलेल्या व्हायल यासाठीच होत्या.

> सावधान: ‘फक्त आमच्या परवानगीने द्यावा’ अशी अट घालून जमा केलेला स्ट्रेन टाइप म्हणून धरला जात नाही.

## कल्चर होतच नसेल तर

काही जिवाणू प्लेटवर येत नाहीत. डुकराच्या जठरातला हेलिकोबॅक्टर सुइस १९९९ मध्ये ‘कॅन्डिडाटस’ (कल्चर नसलेल्याचं तात्पुरतं नाव) म्हणून नोंदला गेला. आम्लधर्मी माध्यमावर तो वाढवता आला तेव्हा, २००८ मध्ये, त्याला पूर्ण नाव मिळालं. आज फक्त जीनोमवरून नाव द्यायचं तर २०२२ पासून सीककोड या नियमावलीचा वेगळा मार्ग आहे. पण प्रयत्न न करता हा मार्ग धरू नका. डुकराच्या आतड्यातल्या जिवाणूंचा पिबॅक हा संग्रह २०२० मध्ये आला, त्यात वाढवलेल्या ११० प्रजाती आहेत आणि त्यांत ३८ टॅक्सा तोवर अज्ञात होते. हे सगळे प्लेटवर आलेले.

## १०. नाव

नाव लॅटिन व्याकरणात बसलं पाहिजे. ‘सुइस’ म्हणजे डुकराचा, षष्ठी, ते कुठल्याही लिंगाच्या जीनसला चालतं. ‘रोस्ट्री’ म्हणजे मुसक्याचा: स्टॅफिलोकॉकस रोस्ट्री हे नाव निरोगी डुकरांच्या नाकातून मिळालेल्या जिवाणूला २०१० मध्ये दिलं. गावावरून विशेषण करायचं तर लिंग बघा. स्ट्रेप्टोकॉकस पुल्लिंगी, ब्रॅकिस्पायरा स्त्रीलिंगी, दोघांनाही ‘-एन्सिस’ लागतं. मायकोप्लाझ्मा नपुंसकलिंगी, त्याला ‘-एन्से’. स्वतःचं किंवा सहलेखकाचं नाव देऊ नये. गाइडचंही नाही, ते सहलेखक असतातच.

## ११. लेख आणि त्यानंतर

आयजेएसईएम या जिवाणूंच्या नावांच्या अधिकृत जर्नलमध्ये छापून आलं तर नाव तिथेच वैध होतं. दुसऱ्या जर्नलमध्ये छापलं तर ते फक्त प्रसिद्ध झालं. वैध व्हायला प्रमाणपत्रांसह आयजेएसईएमच्या वैधता यादीसाठी वेगळी विनंती पाठवावी लागते, आणि ती आपोआप कुणी पाठवत नाही. वर्णनाच्या परिच्छेदात नावाची व्युत्पत्ती, गुणधर्म, टाइप स्ट्रेनचे दोन्ही संग्रहांतले क्रमांक, १६एस आणि जीनोमचे नोंद क्रमांक, एवढं सगळं हवं.

नाव वैध झालं की जीनबँकेला मेल करून तुमच्या नोंदीवरचं ‘स्ट्रेप्टोकॉकस एसपी.’ बदलून घ्या. १६एस आणि जीनोमच्या नोंदी वेगळ्या असतात, दोन्ही बदलल्या का ते आठवड्याने उघडून बघा.